कोपरावरचं हेल्मेट

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात मी तेहतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची बारा कॅज्युअल्टीत. त्या बारा वर्षांत मी कोल्हापूरकरांच्या डोक्यांवर जेवढी चिडले, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशावर चिडले नसेन. एकदा एका माणसाला रिक्षातून आणलं. कपाळापासून कानापर्यंत डोकं फुटलेलं, पण शुद्धीत होता, बोलत होता. टाक्यांची तयारी करता करता मी विचारलं, "हेल्मेट नव्हतं?" तो म्हणाला, "व्हतं की, सिस्टर," आणि डावा हात वर केला. हेल्मेट कोपरावर अडकवलेलं तसंच होतं. कोपराला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आमच्याकडे हेल्मेट डोक्यात घालायचं नसतंच. ते आरशाला लटकवायचं, पेट्रोलच्या टाकीवर ठेवायचं, मंडईतून मेथीची पेंडी आणायला वापरायचं, आणि पुढच्या चौकात पोलीस दिसला तर तेवढ्यापुरतं चढवायचं. त्या वर्षांत हेल्मेटसक्तीची नुसती बातमी आली तरी शहर पेटून उठायचं. केस गळतात, मान दुखते, घाम येतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागून पावण्यांनी हाक मारली तर ऐकू येत नाही. माणसं हे अगदी गंभीरपणे सांगायची. ड्युटीवरून घरी जाताना मी असा एक मोर्चा बघितला. घोषणा देणाऱ्यांत दोन चेहरे ओळखीचे निघाले. टाके पडताना त्यांची डोकी मीच धरली होती. त्या दिवशी मला रस्त्यातच ओरडावंसं वाटलं, आणि ओरडले नाही याचा राग अजून आहे.

माझा थोरला भाऊ, माझा दादा, याच मातीतला. आम्ही मूळचे कुरुंदवाडचे. छप्पन साली घरातले देव उचलून नदीत सोडले तेव्हा दादा चौदा वर्षांचा होता आणि मी दहाची. पुढं तो इचलकरंजीला गेला, यंत्रमागावर राबला, हळूहळू वीव्हिंग मास्टर झाला. मागाच्या खडखडाटात त्याचे कान अर्धे गेले, त्यामुळे तो बोलायचा ते ओरडूनच. नव्वदच्या सुमारास थायलंडमधल्या एका कापड मिलला आपल्याकडचे मास्टर हवे होते, तेव्हा तो तिकडे गेला. वहिनी लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. मी लग्न केलं नाही. आम्हाला आम्ही दोघंच होतो.

नव्वदीच्या शेवटी तो महिनाभराच्या रजेवर आला, तो कोल्हापुरात भाड्याचं घर बघायला. निवृत्त होऊन इथंच राहायचं त्याच्या मनात होतं. माझं घर एका खोलीचं, तेव्हा क्वार्टर्समधलं. मी त्याच्याबरोबर फिरले. घरमालक चहा पाजायचे, परदेशच्या गोष्टी मिटक्या मारत ऐकायचे, नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगायचे, आणि उठता उठता मान तिरकी करून विचारायचे, "पूर्ण नाव काय म्हटलासा?" दादा पूर्ण नाव सांगायचा. दुसऱ्या दिवशी निरोप यायचा की घर पावण्यांना द्यायचं ठरलंय. तीन घरं बघितली, तिन्ही पावण्यांना गेली. एवढे पावणे या शहरात एकाच महिन्यात कुठून उतरले होते ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या निरोपानंतर दादानं बॅग काढली. मग म्हणाला, "मी तिकडंच ऱ्हातो. समुद्राकाठी एक गाव हाय, मिलमधली लोकं सुट्टीला जात्यात. तिथं कोण नाव इचारत न्हाय."

आणि तो खरंच गेला. निवृत्त झाला आणि बँकॉकपासून बसनं चार तासांवर असलेल्या त्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिला. त्या गावाचं नाव माझ्या जिभेवर कधी नीट बसलं नाही, म्हणून मी त्याला समुद्राचं गाव म्हणायचे. नात्यातले लोक म्हणायचे, म्हातारपणी परमुलखात कशाला मरायचं. मी त्यांना सुनवायचे, की तुम्ही त्याला एक खोली मिळवून दिली असती तर तो गेला नसता. पण खरं सांगायचं तर मलाही तो गेल्याचा राग आला होता. मला सोडून गेला म्हणून.

मी निवृत्त झाले तसे त्याचे रविवारचे फोन वाढले. "आता तुझं तिथं काय हाय? ये की इकडं. खिडकीतनं समुद्र दिसतोय. विहार चालत धा मिन्टं." मी म्हटलं, तीन महिने राहून बघते, पटलं तर कायमची येते. मग सहज विचारलं की तू फिरतोस कसा. "गाडी हाय की. छोटी. लई ग्वाड चालती." हेल्मेट? तो म्हणाला, "हितं कोण घालत न्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निघायच्या आदल्या आठवड्यात मी राजारामपुरीतल्या एका दुकानातून हेल्मेट घेतलं. तिकडे मिळत नाही असं नव्हतं, पण तो घेणार नाही याची मला खात्री होती. पांढरं, जड, हनुवटीपर्यंत येणारं. सामानात चेपेल म्हणून विमानात मांडीवर घेऊन बसले. विमानातल्या मुलीनं ते वर ठेवा म्हणून तीनदा सांगितलं, मी तीनदा मान हलवली आणि ठेवलं नाही.

समुद्राचं गाव मला आवडलं, हे कबूल करायला हवं. सकाळी भिक्खू अनवाणी भिक्षेला निघायचे आणि बायका दारात गुडघे टेकून भात वाढायच्या. पहिल्या दिवशी ते बघून मी रस्त्यातच रडले. लहानपणी आम्हाला कुरुंदवाडात कोणी दारातून पाणी वाढलं तर वरून ओतायचे, आणि इथं आमच्याच धम्माचा माणूस पुढे आला की गाव गुडघ्यावर येत होतं. दादाला मात्र तिथलं सगळंच पटत नव्हतं. तिथं प्रत्येक घरापुढं खांबावर एक चिमुकलं देऊळ असतं, आत जागेचे राखणदार, त्यांच्यापुढं लाल सरबताची बाटली, बाटलीत स्ट्रॉ. दादा त्यावरून घरमालकिणीशी वाद घालायचा. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आम्ही, हे असलं चालत न्हाय," असं तिला मराठीत सांगायचा. ती हसून आणखी एक बाटली ठेवायची.

तिथं फिरायचं कसं ते त्यानं मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. पाठीमागे दोन बाकडी टाकलेल्या उघड्या गाड्या असतात, हात केला की थांबतात, उतरायचं असलं की छताची घंटी दाबायची. आपल्याकडचं वडापच, फक्त माणसं टपावर बसत नाहीत आणि कोणी कोणाच्या मांडीवर बसत नाही. रस्त्यात कुत्री झोपतात, ती उठत नाहीत, आपण बाजूनं जायचं. पायी रस्ता ओलांडताना गाडीवाला थांबेल असं धरून चालायचं नाही. हे सगळं तो मला बजावून सांगत होता, स्वतः गाडीवर बसून, आणि मी आणलेलं हेल्मेट आरशाला लटकत होतं.

मी म्हटलं, "दादा, आपण वडापनं जाऊ."

"एवढ्यासाठी वडाप कशाला? आपली गाडी हाय की."

"मग ते डोक्यात घाल."

"घालतो की. पुढं पोलीस असत्यात, तिथं घालतो."

म्हणजे हा माणूस एवढी वर्षं परदेशात राहून, समुद्र ओलांडून, कोल्हापूरचा चौक बरोबर घेऊन आला होता. पोलीस कुठल्या वळणावर उभे असतात, कुठल्या वारी असतात, सगळं पाठ. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही जेवले नाही. कॅज्युअल्टीतल्या बारा वर्षांचं जेवढं आठवत होतं तेवढं सगळं त्याला ऐकवलं, नावं सोडून, पण कवटीचं काहीही न सोडता. तो ऐकत होता. शेवटी ताडकन उठला आणि ओरडला.

"कोल्हापुरात मला आडनावानं वळखायचे. हितं तोंडानं वळखत्यात. ती फळवाली, तो चहावाला, समदी हात करत्यात मला. आता तोंड झाकून फिरू व्हय?"

एरवी असल्या कारणांना माझ्याकडे उत्तरं तयार असायची, पण हे कारण खरं होतं. तरी मी म्हणाले, "ज्यांनी घर दिलं नाही त्यांचा राग स्वतःच्या डोक्यावर काढतोस होय? त्यांना काय फरक पडणार?" तो बाहेर जाऊन वाळूत बसला. मी खिडकीतून त्याची पाठ बघत राहिले आणि मनात त्याला, त्या तीन घरमालकांना आणि अख्ख्या शहराला शिव्या देत राहिले.

सकाळी त्यानं हेल्मेट घातलं. हनुवटीचा पट्टा लावला आणि मला दाखवला. नाक्यावरच्या फळवालीपुढं त्यानं मुद्दाम गाडी थांबवली. ती लांबूनच ओरडली, "लुंग!" लुंग म्हणजे काका. मी म्हटलं, "बघ, वळखलं." तो आतून काहीतरी पुटपुटला, ते हसणं होतं. त्यानंतर दोन महिने तो शंभर पावलांवर नारळ आणायला जायचा तरी डोक्यात ते पांढरं मडकं असायचं. मीच जिंकले असं वाटून मी फार खूश होते. त्याच्या मागे एका बाजूला बसायचे, पदर कमरेला खोचून, अंबाड्याला वारा लागत असायचा. मी कोल्हापूरला शेजाऱ्यांना कळवलंही, की निवृत्त झाल्यावर घेतलेली माझी खोली भाड्यानं द्या, मी इथंच राहणार.

पौर्णिमेच्या दिवशी टेकडीवरच्या मोठ्या विहारात जायचं ठरलं. मी पांढरी साडी नेसले. त्या विहाराला हमरस्त्यानं जावं लागायचं, चार पदरी, मधे दुभाजक. वडाप जात होतं, घरासमोरूनच जात होतं. दादा गाडी काढून उभा होता. डोक्यातलं हेल्मेट काढून त्यानं माझ्यापुढं धरलं.

"मोठा रस्ता हाय. तू घाल."

"आणि तू?"

"मला सवय हाय. तू मागं बसतीस, तोल गेला तर? घाल म्हणतोय न्हवं."

अंबाडा मावेना, म्हणून मी तो सोडला, वेणी घातली आणि हेल्मेट चढवलं. मला बरं वाटलं. मला वाटलं, किती काळजी करतो माझा दादा. तेहतीस वर्षं नर्स म्हणून काढलेली, रोज दुसऱ्यांच्या बायकांना पोरांना झापणारी मी, पांढरी साडी नेसून, भावाचं हेल्मेट डोक्यात घालून, उघड्या डोक्याच्या माणसामागे आनंदानं बसले.

जाताना काही झालं नाही. विहारात आम्ही त्रिसरण म्हटलं, तिथल्या बायकांचे उच्चार वेगळे, आमचे वेगळे, पण शब्द तेच. दादाचा आवाज सगळ्यांत मोठा. परतताना आमची गल्ली रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला आली. वळसा घ्यायला दुभाजक पुढं दोन किलोमीटरवर उघडत होता, तिथून वळून मागं यायचं. आम्ही वळसा घेतला, पण परत येताना दादाच्या बोलण्याच्या नादात गल्ली मागं पडली. जेमतेम दोनशे पावलं. त्यानं गाडी थांबवली, मागं बघितलं, आणि कडेकडेनं उलटा निघाला. तिथले लोकही असं करतात. कोल्हापुरात तर आम्ही याला चुकीची बाजू म्हणतच नाही, जवळचा रस्ता म्हणतो. मीही काही म्हणाले नाही. काय म्हणणार, मला घरी जाऊन भात टाकायचा होता.

एका बोळातून पिकअप बाहेर आली. चालवणारी बाई उजवीकडे बघत होती, कारण गाड्या उजवीकडूनच येणार. आम्ही डावीकडून आलो. ती हळूच येत होती, आम्हीही हळूच होतो. धक्का एवढाच, की दोघं पडलो. माझं डोकं रस्त्याच्या कठड्यावर आपटलं, हेल्मेटला टणकन आवाज झाला, आणि मी उठून बसले. गुडघा सोलला होता, बस्स. दादा कुशीवर पडला होता. त्याच्या कानातून पातळ, लालसर पाणी येत होतं. त्याचा अर्थ मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. मी त्याच्या पापण्या वर केल्या. एक बाहुली मोठी होती.

मी ओरडले. मराठीत ओरडले, सगळ्या गावाला शिव्या देत ओरडले, आणि त्या बाईनं हात जोडले तेव्हा तिच्यावरही ओरडले. तिची काहीच चूक नव्हती. तिनंच दवाखान्याची गाडी बोलावली, तिनंच माझ्या हातातून हेल्मेट घेऊन बाजूला ठेवलं, आणि दवाखान्यात शेवटपर्यंत बसून राहिली. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, त्यात मला खोट काढता आली नाही. काढता आली असती तर बरं झालं असतं, रागाला जागा मिळाली असती.

दादा वाचला. दोन महिन्यांनी मी त्याला कोल्हापूरला आणलं. ज्या शहरात त्याला घर मिळालं नाही, तिथं तो आता माझ्या खोलीत राहतो. त्याला विचारलं असतं तर त्यानं साफ नाही म्हटलं असतं. पण आता त्याला कोणी विचारत नाही, मीसुद्धा. डावा पाय ओढतो, सकाळचं दुपारी आठवत नाही, आपण कुठं आहोत तेही रोज नव्यानं सांगावं लागतं. समुद्र कुठाय म्हणून विचारतो. मी खिडकी उघडते, समोर दुसऱ्या इमारतीचा जिना असतो.

बघायला येणाऱ्यांनी माझं डोकं उठवलं. "तरी आम्ही म्हणत हुतो, परमुलखात जाऊ नगा." "तिकडची वाहनं लई वाईट असत्यात म्हणं." "नशीब, दुसरं काय." आमच्या एका नात्यातला जावई बायको आणि तान्ही पोरगी घेऊन मोटारसायकलवरून आला. त्याच्या कोपरावर हेल्मेट. जिना चढून आला, दादाच्या पलंगाशी बसला, हेल्मेट पायाशी ठेवून म्हणाला, "तिकडं शिस्त नसणार, मावशी." मी त्याला खोलीबाहेर काढलं. बायकोला चहा दिला, त्याला दिला नाही. नातेवाईकांत माझी शोभा झाली. होऊ दे. परमुलखानं आमचं काही वाकडं केलं नाही. तिथं माझ्या भावाला घर मिळालं, काका म्हणणारी माणसं मिळाली. ते सगळं आम्ही इथून नेलेल्या सवयींनी घालवलं. उलटं जाण्याची सवय त्याची होती. दुसरी सवय माझी होती, आणि ती कोणालाच दिसत नाही.

हेल्मेट मी परत आणलं आहे. त्याला वरपासून कानापर्यंत तडा आहे. दाराशेजारच्या खिळ्याला ते टांगलेलं असतं. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास दादा पाय ओढत उठतो, ते काढतो आणि माझ्यापुढं धरतो. बाकी सगळं विसरला, हे विसरला नाही. "मोठा रस्ता हाय. तू घाल." मी घालते. तो समाधानानं मान हलवतो आणि खुर्चीवर बसतो, मी त्याच्या शेजारी, डोक्यात फुटकं हेल्मेट घालून. खाली रस्त्यावर बायका उघड्या डोक्यानं गाड्यांच्या मागे बसून जात असतात.

राजारामपुरीतल्या त्या दुकानदारानं हेल्मेट पिशवीत घालता घालता विचारलं होतं, "एकच व्हय, ताई? मागं बसणाऱ्याचं काय?" मी त्याला हसले होते. मला म्हणायचं होतं की कोल्हापुरात राहून असलं विचारतोस होय. पण घाई होती, म्हणून एवढंच म्हणाले, "एकच बस्स. मागं मीच बसणार हाय."